भाव, कमाई आणि भरवसा



वसंत व्याख्यानमालेत माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, म्हणजे तो संप, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, 'कंपनीच्या शेअरचा भाव आणि तिची कमाई यांचे गुणोत्तर.' त्यांचा चेहरा क्षणभर पडला. लाल झेंडेवाल्याने शेअर बाजारावर बोलावे, म्हणजे माळकऱ्याने मटणाच्या मसाल्यावर बोलण्यासारखे झाले! परंतु हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. तो माझ्यावर एका माणसाचे देणे आहे.

मी या तालुक्यातला. शाळा दहावीच्या आतच सुटली, आणि अठराव्या वर्षी वाळूजला एका लहान कारखान्यात लागलो. पुढे जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात, कोशावर कोश उघडून. तेव्हा आज मी प्राध्यापकासारखे बोलणार नाही. माझे जिथे चुकले तिथून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतला एक जुना सभासद निवृत्त झाला. तीस वर्षे त्याने प्रेसवर काम केले होते. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जी रक्कम हाती आली, तीतले तीन लाख कुठे ठेवावेत हे विचारायला तो माझ्याकडे आला. 'भाऊ, तुम्ही वाचता, तुम्हीच सांगा,' म्हणाला. मी तेव्हा नव्यानेच कंपन्यांचे आकडे वाचायला शिकलो होतो, आणि नवशिक्याला असतो तसा ताठा मला होता. एका कंपनीच्या नावापुढे मला 'चार' हा आकडा दिसला. मी त्याला सांगितले, 'ही कंपनी चार वर्षांच्या कमाईला मिळते आहे, इतके स्वस्त काही नसते.' त्याने माझ्या शब्दावर शेअर घेतले. दोन वर्षांत कंपनी तोट्यात गेली, आणि तीन लाखांचा एक लाख झाला. तो मला वावगे असे काहीही बोलला नाही. पुढे मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला, तेव्हा जाता जाता एवढेच म्हणाला, 'भाऊ, चार हा आकडा कमी होता म्हणता, मग चुकलं कुठं?'

त्याचे उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. आज आहे, असे मला वाटते. तेच आपल्यापुढे मांडतो.

प्रथम हे गुणोत्तर म्हणजे काय ते पाहू. बाजारातले लोक त्याला 'पी-ई' म्हणतात. मी त्याला आपला साधा शब्द वापरतो – पट. आपल्याकडे जमीन ठोक्याने देण्याची रीत आहे. समजा, एखाद्या एकराची किंमत दहा लाख आहे आणि त्याचा वर्षाचा ठोका वीस हजार येतो. म्हणजे जमिनीचा भाव तिच्या वार्षिक उत्पन्नाच्या पन्नास पट झाला. शेअरचेही असेच आहे. कंपनीला वर्षभरात सर्व खर्च, व्याज आणि कर वजा जाता जो नफा उरला, त्याला एकूण शेअरच्या संख्येने भागले की दर शेअरमागची कमाई निघते. शेअरच्या बाजारभावाला या कमाईने भागले की पट निघते. भाव शंभर आणि कमाई पाच, तर पट वीस. यापलीकडे त्यात काही जादू नाही. पाचवीतल्या मुलाला येणारा हा भागाकार आहे.

हाच हिशेब उलटा केला, तर आणखी एक गोष्ट कळते. शंभराला पटीने भागा. पट वीस असेल तर शंभर रुपयांमागे कंपनी पाच रुपये कमावते, आणि पट पन्नास असेल तर दोन रुपये. आता हा आकडा बँकेतल्या मुदतठेवीच्या व्याजाशेजारी ठेवा. ठेवीवर सहा-सात टक्के मिळत असताना कोणी दोन टक्क्यांची कमाई का विकत घेतो? कारण तो आजची कमाई विकत घेत नसतो. उद्या ती वाढेल, हा भरवसा विकत घेत असतो. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जायचा ठरला, तेव्हा त्याच्या आसपासच्या जमिनीला लोक अधिक भाव का देऊ लागले? त्या रानात कापूस दुप्पट पिकू लागला म्हणून नव्हे! पीक तेवढेच होते. बदलला तो भरवसा.

मंडळी, माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. भाव म्हणजे कमाई गुणिले भरवसा. पट हे त्या भरवशाचे माप आहे. म्हणून कोणत्याही शेअरचा भाव चढला किंवा उतरला, की एकच प्रश्न विचारावा : कमाई बदलली, की भरवसा बदलला? आणि हा प्रश्न एका दिवसाच्या आकड्याला विचारून भागत नाही. तो अनेक वर्षांच्या आकड्यांना विचारावा लागतो.

आपल्या मराठी मुलखातले, आणि माझ्या क्षेत्रातलेच, उदाहरण घेतो. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना आपल्याला ठाऊक आहे. याच कंपनीच्या पुण्याजवळच्या चाकण कारखान्यात जून २०१३ मध्ये विश्वकल्याण कामगार संघटनेने काम बंद केले. मागण्यांमध्ये एक मागणी अशी होती, की ऐकणाऱ्यांनी कान टवकारले. प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्यावेत! व्यवस्थापनाने ती मान्य केली नाही, आणि सुमारे पन्नास दिवसांनी, ऑगस्टमध्ये, शेअर न मिळताच काम पुन्हा सुरू झाले.

त्या शेअरचे पुढे काय झाले, ते पाहू. २०१२-१३ मध्ये बजाज ऑटोचा निव्वळ नफा सुमारे ३,०४४ कोटी रुपये होता. दर शेअरमागे तो सुमारे १०५ रुपये पडतो. संपाच्या वेळी शेअरचा भाव १,९०० च्या आसपास होता, म्हणजे पट अठरा. त्या ५०० शेअरची किंमत त्या दिवशी साडेनऊ लाख होती. आता अकरा वर्षे पुढे या. २०२३-२४ मध्ये नफा सुमारे ७,४७९ कोटी झाला, आणि दर शेअरमागे कमाई सुमारे २६५ रुपये. मार्च २०२४ अखेर भाव होता ९,१५० च्या आसपास. पट चौतीसच्या वर गेली. ५०० शेअरचे पंचेचाळीस लाखांहून अधिक झाले.

वरवर पाहणारा म्हणेल, कंपनी जवळजवळ पाचपट मोठी झाली. पण आपला प्रश्न विचारा. दर शेअरमागची कमाई किती वाढली? अडीच पट. पट किती वाढली? जवळजवळ दुप्पट. अडीच गुणिले जवळजवळ दोन, म्हणून भाव जवळजवळ पाचपट. म्हणजे या वाढीतली अडीच पट कारखान्याने मिळवली, आणि बाकीची बाजाराच्या भरवशाने दिली.

जे भरवशाने दिले ते भरवसा परतही घेतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हाच भाव १२,७०० च्या आसपास पोहोचला. मागील वर्षाच्या कमाईवर ही पट अठ्ठेचाळीसच्या घरात गेली. ५०० शेअरचे साडेत्रेसष्ट लाख! आणि मार्च २०२५ अखेर भाव ७,९०० च्या आसपास होता, म्हणजे साडेएकोणचाळीस लाख. सहा महिन्यांत चोवीस लाख गेले. मग त्या वर्षी कंपनीला तोटा झाला का? मुळीच नाही. २०२४-२५ चा नफा सुमारे ८,१५१ कोटी, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा नऊ टक्के अधिक. कारखाना चालू, गाड्या विकल्या जात होत्या, कमाई वाढत होती, आणि भाव उतरत होता. कारण पट अठ्ठेचाळीसवरून सत्ताविसावर आली. कमाई वाढूनही माणूस बुडू शकतो तो असा. जो वरच्या भरवशाला विकत घेतो, त्याला खालच्या भरवशाला विकावे लागते.

चाकणच्या मागणीबद्दल माझे मत कोणी विचारील, म्हणून सांगतो. कामगाराला मालकीत वाटा असावा, हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु ज्या कंपनीवर पगार अवलंबून, तिच्यावरच सारी शिल्लकही अवलंबून ठेवली, तर एकाच वाऱ्याने घर आणि गोठा दोन्ही जळतात. एवढे ध्यानात ठेवून ती मागणी करावी.

आता भरवशाचा पूर कसा असतो, हे पाहण्यासाठी १९९२ सालाकडे जाऊ. हर्षद मेहता यांचे नाव न ऐकलेला माणूस या सभेत नसेल. ए.सी.सी. ही सिमेंटची जुनी कंपनी, १९३६ मध्ये स्थापन झालेली. तिचा शेअर थोड्याच काळात दोनशेच्या आसपासवरून नऊ हजारांच्या घरात नेला गेला. कमाई पंचेचाळीस पट झाली होती काय? नाही. तेव्हा कमाईचा प्रश्नच बाजूला सारणारा एक युक्तिवाद पुढे करण्यात आला. अशी कंपनी आज नव्याने उभारायची तर किती खर्च येईल ते पाहा, कमाई पाहू नका. ऐकायला हा युक्तिवाद चांगला वाटतो. पण नव्याने वाडा बांधायला कोटी रुपये लागतात, म्हणून त्यातल्या खोल्यांचे भाडे वाढत नाही! आणि त्या भाववाढीमागे बँकांचा पैसा गैरमार्गाने वापरला जात होता, हे एप्रिल १९९२ मध्ये सुचेता दलाल यांनी वृत्तपत्रातून उघड केले. सेन्सेक्स त्या महिन्यात ४,४६७ वर पोहोचला होता आणि त्याची पट पन्नाशीच्या आसपास होती. बँकेत ठेवीवर दहा टक्क्यांहून अधिक व्याज मिळत असताना लोक दोन टक्क्यांची कमाई विकत घेत होते!

पुढे काय झाले? अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तोच सेन्सेक्स ३,००० च्या खाली उतरलेला होता. या अकरा वर्षांत कंपन्यांची कमाई थांबली नव्हती, ती दुपटीहून अधिक झाली होती. पण पट पन्नाशीवरून पंधराच्या खाली आली होती, आणि तिने कमाईची सारी वाढ गिळून टाकली. अकरा वर्षे, मंडळी! नोकरदाराच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, 'मग सोपे आहे. पट जास्त असेल तर दूर राहावे, कमी असेल तर घ्यावे.' हीच माझी चूक होती. इथून माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते.

ज्या कंपनीत त्याचे पैसे गेले तिचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्याऐवजी सर्वांना ठाऊक असलेल्या कंपनीचे, आणि जालन्याच्या लोकांना समजणाऱ्या धंद्याचे, उदाहरण देतो. आपले जालना लोखंडी सळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. भट्टीवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल की पोलादाचा भाव कधी आभाळाला टेकतो, कधी जमिनीला. महासाथीनंतर तो चढला, आणि टाटा स्टीलला २०२१-२२ मध्ये सर्व उपकंपन्या धरून सुमारे ४१,७०० कोटींचा नफा झाला. दर शेअरमागे सुमारे ३३२ रुपये. मार्च २०२२ अखेर शेअरचा भाव १,३०० च्या आसपास होता. भागाकार करा. पट चार!

पुढच्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, नफा सुमारे ८,०७५ कोटींवर आला. एक पंचमांश! मध्यंतरी एका शेअरचे दहा शेअर केले गेले. जुन्या मापाने धरले तर मार्च २०२३ अखेर भाव सुमारे १,०४५ होता. म्हणजे भाव पाचव्या हिश्श्याने उतरला आणि पट मात्र चारवरून चौदाच्या वर चढली. भाव उतरून माल 'महाग' झाला! आणि २०२३-२४ मध्ये युरोपातल्या, विशेषतः ब्रिटनमधल्या, कारखान्यांच्या खर्चामुळे कंपनीला सुमारे ४,९०० कोटींचा तोटा झाला. तोट्याच्या वर्षी पट निघतच नाही. कंपनी बुडाली नाही, मोठी कंपनी होती, तग धरून राहिली. लहान कंपनी असती, डोक्यावर कर्ज असते, तर काय झाले असते, ते माझा मित्र सांगू शकेल.

यातून काय दिसते? चार ही पट स्वस्ताईची नव्हती. बाजार म्हणत होता, 'ही कमाई सुगीची आहे, ती टिकणार नाही.' ज्या वर्षी पाऊस वेळेवर पडला आणि भावही मिळाला, त्या एका वर्षाच्या उत्पन्नावरून कोणी शेतकरी जमीन विकत घेतो का? तो म्हणतो, 'दहा वर्षांचे सांग. दुष्काळाची वर्षे धरून सांग.' आपला शेतकरी जे जमिनीबाबत जाणतो, ते मी शेअरबाबत विसरलो. मी भाव पाहिला, पट पाहिली, पण खालची कमाई कोणत्या वर्षाची आहे, हे पाहिले नाही.

कमाईबाबत आणखी एक फसगत होते, आणि ती मुंबईच्या गिरण्यांनी आपल्याला शिकवली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्यांची धुरांडी एकेक करून थंड होत गेली, आणि उरली ती जमीन. बॉम्बे डाइंग ही १८७९ पासूनची कंपनी. २०२२-२३ मध्ये ती तोट्यात होती. २०२३ मध्ये तिने वरळीची सुमारे २२ एकर जमीन सुमारे ५,२०० कोटींना विकायचे ठरवले, आणि २०२३-२४ चा नफा सुमारे २,९४८ कोटी दिसला. त्या नफ्याने भावाला भागले, तर पट एक-दीडच्या आसपास येते. वर्षा-दीड वर्षाच्या कमाईत सारी कंपनी! पण ही कमाई विहिरीच्या पाण्याची नव्हती, विहीरच विकल्याची होती. जमीन दरवर्षी विकता येत नाही. म्हणून नफा कशातून आला, हे विचारल्यावाचून पटीचा आकडा तोंडावर आणू नये.

आता आपल्यापैकी पुष्कळ जण मनात म्हणत असतील, 'आमच्याजवळ शेअर नाहीत, आम्हाला याचे काय?' बंधूंनो, आपल्याजवळ शेअर आहेत, आपल्याला ते ठाऊक नाही. कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा ऑगस्ट २०१५ पासून शेअर बाजारात जाऊ लागला. नव्याने गुंतवायच्या रकमेतला आधी पाच टक्के, पुढच्या वर्षी दहा, आणि २०१७ पासून पंधरा टक्क्यांपर्यंत. तो सेन्सेक्स आणि निफ्टी यांतल्या कंपन्यांमध्ये जातो. राज्य शासनाचे जे शिक्षक आणि कर्मचारी १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आले, त्यांच्या निवृत्तीच्या पैशातलाही काही भाग तिकडेच जातो. म्हणजे वाळूजचा फिटर आणि टेंभुर्णीचे गुरुजी, दोघेही नकळत भागधारक आहेत. ज्याच्या पैशाने शेअर घेतले जातात, त्याला भाव कसा ठरतो हे कळू नये, ही गोष्ट मला लोकशाहीला शोभणारी वाटत नाही.

संघटनेच्या कामातही हे ज्ञान उपयोगी पडते. वाटाघाटीत व्यवस्थापन सांगते, 'शेअरचा भाव पडला आहे, वाढ देता येत नाही.' त्या वेळी पुढाऱ्याने शांतपणे विचारावे, 'साहेब, कमाई पडली की पट पडली?' शेअर एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा कंपनीच्या तिजोरीत एक पैसाही येत नाही आणि तिजोरीतून एक पैसाही जात नाही. पगार कमाईतून निघतो. तो भरवशातून निघत नाही. परंतु न्याय दोन्ही बाजूंनी सारखा असावा. भाव चढला म्हणून आपल्या सभासदांना 'कंपनीजवळ एवढे कोटी आले' असे सांगणारा पुढारीही त्यांची दिशाभूल करतो. तसे मीही एके काळी सभांतून सांगितले आहे, हे इथे कबूल करतो.

शेवटी, ज्याला स्वतःच्या घामाचा पैसा शेअरमध्ये घालायचाच आहे, त्याच्यासाठी चार गोष्टी. एक, एका वर्षाचा आकडा पाहू नये. निदान दहा वर्षांची कमाई, भाव आणि पट कागदावर ओळीने मांडावी. त्यात एखादे वाईट वर्ष असलेच पाहिजे. दुसरी, कमाई धंद्यातून आली की काही विकून आली, आणि डोक्यावर कर्ज किती, हे ताळेबंदात पाहावे. तिसरी, पट त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी आणि त्याच कंपनीच्या जुन्या पटीशी ताडून पाहावी. सिमेंटची साबणाशी तुलना करू नये. आणि चौथी, जो पैसा पाच वर्षांच्या आत औषधाला, लग्नाला किंवा घराला लागणार आहे, तो इथे आणूच नये. कारण भरवसा परत यायला कधी कधी अकरा वर्षे लागतात, हे आपण पाहिले.

या चारही गोष्टी मला त्या दिवशी ठाऊक असत्या, तर माझ्या मित्राने विचारताच मी त्याला उलट विचारले असते, 'चार हा आकडा आज आहे. सात वर्षांपूर्वी किती होता, आणि सर्वांत वाईट वर्षी कमाई किती होती?' त्यानेच मग म्हटले असते, 'भाऊ, राहू द्या. बँकेत ठेवतो.' त्याचे दोन लाख मी परत करू शकलो नाही. त्या लग्नाला मी गेलो होतो, पंगतीत त्याने मला आग्रहाने वाढले, आणि मला घास गिळवत नव्हता. तेव्हापासून जिथे चार कामगार बसतात तिथे मी फळ्यावर हा भागाकार मांडतो.